गोट्यांसाठी अनवाणी

कडेगाव तालुक्यात फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या प्रत्येक माणसाला मेजर म्हणतात. तो शिपाई म्हणून परतलेला असो की सुभेदार म्हणून, गावाच्या लेखी तो मेजर. नाथाजी मोहिते हवालदार होऊन परतला आणि एसटीतून उतरल्या दिवसापासून मेजर झाला. घरचा ऊस धाकटा भाऊ पाहत होता, त्यात नाथाजीने लुडबुड केली नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्याने नोकरी धरली, घरापुढे फरशी घातली, भैरोबाच्या देवळाला रंग देताना आपला वाटा दिला. इथवर सगळे रीतीप्रमाणे झाले. रीतीत न बसणारी गोष्ट एकच होती. आठवड्याच्या सुटीला तो सांगलीला जाई आणि तिथे पूल खेळे.

पूल म्हणजे काय, हे गावाला समजावून सांगण्याचा त्याने सुरुवातीला प्रयत्न केला. हिरव्या कापडाचे टेबल, सहा पॉकेटे, लांब क्यू, पांढऱ्या बॉलने बाकीचे बॉल ढकलायचे. कट्ट्यावरच्या बाळासोने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हंजी काठीनं गोट्या खेळायच्या." त्यानंतर नाथाजीने समजावणे सोडून दिले.

हा नाद त्याला छावणीत लागला होता. उत्तरेकडच्या एका युनिटमध्ये करमणुकीच्या खोलीत कापड फाटलेले एक टेबल होते आणि एक गढवाली हवालदार जेवणानंतर तिथे खेळत असे. नाथाजी रायफलचा चांगला नेमबाज होता. श्वास अर्धा सोडून थांबायचे, नजर हलू द्यायची नाही, बोट ओढायचे नाही तर दाबायचे, हे त्याच्या अंगात मुरलेले होते. क्यू हातात घेतल्यावर त्याच्या ध्यानात आले की इथेही हेच लागते. फरक इतकाच, की गोळी परत येत नाही आणि पांढरा बॉल कुठे तरी जाऊन थांबतो, मग पुढचा फटका तिथूनच मारावा लागतो.

सांगलीत विश्रामबागेला, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर शौनक परांजपेचा हॉल आहे. शौनक मूळचा वाईचा, वयाने नाथाजीपेक्षा लहान, बोलायला मोजका. त्याने नाथाजीला पहिल्यांदा खेळताना पाहिले तेव्हा तो काउंटरवरून उठून टेबलापाशी आला आणि शेवटपर्यंत उभा राहिला. सरावात नाथाजीला हरवणारा माणूस त्या हॉलमध्ये नव्हता. म्हणूनच साताऱ्याचे आणि सांगलीचे हॉलवाले मिळून दर उन्हाळ्यात जी स्पर्धा भरवतात, तिच्यात नाथाजी का हरतो हे कोणालाच कळत नसे.

तो हरे तो नेहमी काळ्या बॉलवर. या खेळात आपापले सात बॉल आधी पॉकेटमध्ये घालायचे असतात आणि शेवटी काळा. काळा गेला की ती फ्रेम, म्हणजे तो डाव, आपला. पण काळ्याच्या पाठोपाठ पांढराही पॉकेटमध्ये गेला, तर जिंकत आलेली फ्रेम समोरच्याला जाते. सात बॉल नाथाजी सहज घालत असे. मग काळा समोर आला की तो टेबलाभोवती फेरी मारी, क्यूला खडू लावी, पॉकेटच्या बाजूने वाकून पाही, पुन्हा फेरी मारी. हॉलमध्ये कोणी नसताना जो बॉल तो बोलता बोलता घालत असे, त्याच बॉलवर त्याचा हात जड होई. सलग तीन वर्षे असे झाले.

तिसऱ्या वर्षी स्पर्धा साताऱ्यात होती आणि तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. समोर विश्वजित नावाचा तिथलाच तरुण होता. शेवटच्या फ्रेमला काळा पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबलेला. नुसता धक्का पुरला असता. नाथाजीने दोन फेऱ्या मारल्या आणि मारायला नको तितक्या जोराने मारला. काळा गेला, त्याच्यामागे पांढराही गेला. विश्वजितने हात मिळवला आणि खाली मान घालून म्हणाला, "काका, तुमची होती." त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, हे नाथाजीला जास्त लागले.

साताऱ्याहून कऱ्हाड आणि तिथून पुढे, असा परतीचा प्रवास त्याने खिडकीला टेकून केला. लष्करात चुकीला शिक्षा असे. फायरिंगला गोळी बाहेर गेली की रायफल डोक्यावर धरून मैदानाला चक्कर मारायची, आणि चक्कर मारून झाली की चूक संपली. संध्याकाळी शिक्षा देणाऱ्या त्याच उस्तादाच्या पंगतीला बसून जेवायचे. इथे काळा चुकला तरी कोणी काही म्हणत नव्हते. शौनक म्हणे, होते असे. बायको राजनंदिनी म्हणे, जेवून घ्या. शिक्षा करणारा कोणी नाही, म्हणून चूक तशीच अंगावर राहते, असे नाथाजीला वाटू लागले. आपण स्वतःला फार मोकळे सोडले आहे, बांधून घेतल्याशिवाय हात सुधारणार नाही, या निष्कर्षावर तो बस गावात शिरेपर्यंत आला होता.

त्यानंतरच्या रविवारी तो भैरोबाच्या देवळात गेला. गाभाऱ्याबाहेर हरिबा गुरव समईच्या वाती वळत बसला होता. नाथाजीने पायातल्या कोल्हापुरी वहाणा काढून पायरीवर जोडून ठेवल्या आणि सांगितले, "म्होरली स्पर्धा जिंकल्याबिगर पायात कायबी घालणार न्हाई."

हरिबाने वर पाहिले. "कसली स्पर्धा?"

"पूलची."

वाटेत पायात येऊ नयेत म्हणून हरिबाने वहाणा उचलून तेलाच्या डब्यामागे ठेवल्या.

अनवाणी राहण्याचा नवस त्या भागात नवा नाही. कोणी मुलाच्या नोकरीसाठी बोलतो, कोणी आईच्या ऑपरेशनसाठी, आणि अशा माणसाला लोक मान देतात. त्याच्या वाटेतला दगड बाजूला करतात. नाथाजीचे पाय उघडे दिसू लागताच लोकांनी हळुवारपणे चौकशी सुरू केली. घरात कोणी आजारी आहे का, भावाच्या पोरीचे कुठे अडले आहे का. खोटे बोलणे त्याला जमत नव्हते, त्यामुळे खरे कारण आठवडाभरात सगळीकडे झाले. बाळासोने ते कट्ट्यावर सर्वांदेखत पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

"मेजर, गोट्यांसाठी अनवाणी?" तो म्हणाला. "आवं, आमी ल्हानपणी गोट्या अनवाणीच खेळायचो. कुणी मान दिला न्हाई."

कट्टा हसला. नाथाजीही हसला, पण त्या दिवसापासून पूल ही त्याची एकट्याची गोष्ट राहिली नाही. पूर्वी तो हरला तर ते शौनकला आणि राजनंदिनीला कळे. आता त्याचे पाय ती गोष्ट घेऊन गावभर हिंडत होते. कारखान्याच्या आवारात पाचट आणि सांडलेली मळी यांतून चालताना, एसटीच्या तापलेल्या पायरीवर पाय ठेवताना, शेताच्या बांधावर, प्रत्येक ठिकाणी त्याला काळा बॉल आठवे. त्याला हेच हवे होते. आठवण सतत राहिली म्हणजे तयारी सतत राहते, असा त्याचा हिशेब होता.

काटे काढण्याचे काम राजनंदिनीकडे आले. एकदा ती उंबऱ्यात बसून त्याच्या टाचेतला बाभळीचा काटा सेफ्टी पिनेने उकरत होती. मग तिने विचारले, "आवं, आणि हरलासा तर?"

"हरायचं न्हाई म्हणून तर केलंय."

"ते कळलं. मी इचारतीया, हरलासा तर? आणि एक वरीस?"

नाथाजीने तो विचारच केलेला नव्हता. तिने काटा बाहेर काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "मग जलमभर काटं काडायचं काम माजं," ती म्हणाली आणि पिन कपाटात ठेवायला आत गेली.

नवसाचा परिणाम हॉलमध्ये दिसू लागला, पण उलटा. पूर्वी काळा फक्त स्पर्धेत चुकत असे. आता तो सरावातही चुकू लागला. सात बॉल जात आणि आठवा, काळा, पॉकेटच्या कडेला लागून परत येई. शौनक त्याला अनवाणी खेळू देत असे, कारण नेहमीच्या गिऱ्हाइकाला काय बोलायचे. पण एका दुपारी हॉल रिकामा असताना तो टेबलापाशी आला.

"मेजर, काळ्याच्या वेळी तुम्ही कुठे बघता?"

"बॉलकडं."

"नाही. मी पाहतोय. तुम्ही आधी खाली बघता."

नाथाजीला ते पटले नाही. त्याने काळा बॉल पुन्हा टेबलावर मांडला, खडू लावला, वाकण्यापूर्वी थांबला, आणि आपली नजर पायांवर असल्याचे त्याचे त्यालाच दिसले. तो क्यू टेबलाला टेकवून खुर्चीवर बसला.

शौनकला आणखी एक गोष्ट सांगायची होती आणि ती तो बरेच दिवस पुढे ढकलत होता. यंदा स्पर्धा त्याच्याच हॉलमध्ये होती. बाहेरचे पंच येणार होते आणि नियम कडक होते. कॉलरचा शर्ट, पूर्ण पँट आणि बूट. नाथाजीने विचारले की एका माणसाला सूट दिली तर काय बिघडते. शौनक म्हणाला की देवाधर्माचे कारण आहे म्हटल्यावर पंच बहुधा मान्य करतील, पण मग सामन्याआधी तसे जाहीर करावे लागेल, कोणाची हरकत नको म्हणून.

नाथाजीच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभे राहिले. भरलेला हॉल, आणि माईकवर कोणी तरी सांगते आहे की हा खेळाडू जिंकण्याच्या नवसापायी अनवाणी खेळतो आहे. मग काळा बॉल. नवस मोडायचीही भीती आणि पाळायचीही.

"देवाला इचारावं लागंल," तो म्हणाला.

भैरोबाला विचारायचे म्हणजे कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नाथाजी सकाळीच फुले घेऊन देवळात गेला, तर हरिबा जागेवर नव्हता. तो पायरीवर बसून राहिला. थोड्या वेळाने हरिबा विहिरीकडच्या वाटेने पाण्याची कळशी घेऊन येताना दिसला. त्याच्या पायांत वहाणा होत्या. एका वहाणेचा अंगठा तुटून त्या जागी लाल नायलॉनची दोरी बांधलेली होती, तळाला टायरचा तुकडा ठोकलेला होता, पण कडेची शिवण नाथाजीच्या ओळखीची होती.

"हरिबा, ह्या माज्या न्हवं?"

"तुज्याच की," हरिबा म्हणाला आणि कळशी खाली ठेवली. "पडून पडून कातडं वाळलं असतं. उंदरानं एक कड खाल्लीती. म्हटलं, वापरात असलेल्या बऱ्या."

"आवं, नवसाच्या हुत्या त्या."

"नवस तुज्या पायाचा हुता गड्या. वहाणांनी कवा काय कबूल केलं?"

नाथाजी त्याच्याकडे पाहत राहिला. वर्षभर तो त्या वहाणांचे चित्र मनात बाळगून होता. गाभाऱ्याच्या अंधारात, समईच्या उजेडात, देवासमोर जोडून ठेवलेल्या, आपली वाट पाहणाऱ्या. त्या वहाणा तर एवढ्या काळात विहिरीवर जात होत्या, रानात जात होत्या, बाजारालाही जाऊन आल्या असतील. त्याला हसू आले. आधी त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, मग तो पायरीवर बसल्या जागी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. हरिबाला त्यात हसण्यासारखे काय आहे ते कळले नाही. दोरी बांधल्याबद्दल हसतो आहे असे वाटून तो म्हणाला की तालुक्याला चांभाराकडे जायला सवड झाली नाही.

हसू ओसरल्यावर नाथाजीने बुटांचे सांगितले आणि कौल लावायची विनंती केली. हरिबाने फुले घेतली, पण ती देवापुढे नुसती ठेवून दिली.

"कौल कशाला? देवानं तुज्याकडं काय मागितलंय?" तो म्हणाला. "तू आलास, बोललास, गेलास. नारळ ठेव आन् बूट घाल."

"आणि लोकं?"

"लोकं बोलत्याली. दोन दिस बोलत्याली."

नाथाजीने नारळ ठेवला. वहाणा परत मागण्याचा प्रश्नच नव्हता. त्या आता हरिबाच्या पायाला बसल्या होत्या.

लोक बोलतील ही गोष्ट मात्र देवापुढे नारळ ठेवून संपणारी नव्हती. स्पर्धेच्या दिवशी पहाटे तो निघाला तो अनवाणीच. फौजेतले काळे बूट त्याने पॉलिश करून पिशवीत घेतले होते. राजनंदिनीने पिशवीचा आकार पाहिला आणि भाकरी बांधून दिली. सांगलीत शौनकच्या जिन्यात बसून त्याने बूट चढवले. वर्षभर मोकळे राहून पाय पसरले होते आणि डाव्या पायाची करंगळी बुटात कशीबशी बसली.

पहिले दोन सामने त्याने जिंकले. ते तो नेहमीच जिंके. उपांत्य सामना इस्लामपूरच्या एका जुन्या खेळाडूशी होता आणि तो शेवटच्या फ्रेमपर्यंत गेला. नाथाजीचे सात बॉल गेले. काळा लांबच्या कोपऱ्याकडे, पॉकेटपासून हातभर, आणि पांढरा टेबलाच्या मध्याजवळ. अवघड म्हणावे असे त्यात काही नव्हते. काउंटरमागे उभ्या असलेल्या शौनकने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

नाथाजीने खडू उचलला आणि सवयीने टेबलाभोवती फेरी सुरू केली. करंगळी दुखत होती, त्यामुळे तो हळू चालत होता, आणि अर्ध्या फेरीत त्याच्या ध्यानात आले की तो काहीच पाहत नाही. पॉकेट कुठे आहे, बॉल कुठे आहे, हे त्याला आधीच दिसलेले होते. तो चालत होता तो नुसता मारणे लांबवण्यासाठी. तो थांबला. चुकला तर काय, असा प्रश्न राजनंदिनीच्या आवाजात त्याच्या मनात आला. या वेळी त्याचे उत्तर होते. चुकला तर बूट काढायचे आणि पाचच्या एसटीने घरी जायचे. त्यापुढे त्या प्रश्नात काही नव्हते. त्याच क्षणी त्याला लाल दोरीची वहाण आठवली आणि तोंडाच्या कोपऱ्यात हसू आले.

तो आलेल्या वाटेने मागे फिरला, वाकला, श्वास अर्धा सोडला आणि मारले. काळा पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज झाला. पांढरा कडेला लागून वीतभर मागे आला आणि थांबला.

शौनकने टाळी वाजवली नाही. तो यजमान होता. त्याने ग्लास उचलून पाणी पिऊन टाकले.

अंतिम सामना पुन्हा विश्वजितशी होता आणि त्यात सांगण्यासारखे फार नाही. विश्वजित त्या दिवशी फार चांगला खेळला. नाथाजीने एक फ्रेम घेतली, बाकीच्यांत तो बहुतेक वेळ खुर्चीवर बसून समोरचे बॉल एकामागून एक जाताना पाहत राहिला. काळा त्याच्या वाट्याला फार आलाच नाही. सामना संपल्यावर त्याने हात मिळवला आणि मनापासून म्हणाला की चांगला खेळलास. आपण हरलो आहोत आणि तरी पाठीवर काही चढलेले नाही, हे त्याला नवीन होते. ही चूक नव्हती. हा नुसता पराभव होता, आणि त्याला शिक्षा लागत नव्हती.

खरी अडचण एसटीत बसल्यावर सुरू झाली. कडेगाव मागे पडले तसे त्याचे लक्ष बुटांकडे जाऊ लागले. गावच्या थांब्यावर संध्याकाळी कट्टा भरलेला असतो. पायांत बूट दिसले की जिंकला असे समजतील. हरला म्हणून सांगितले की नवस मोडला म्हणतील. बूट काढून पिशवीत टाकणे सोपे होते. मग कोणी काही विचारणार नाही. उघडे पाय पाहून काय ते समजतील, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळे आहे तसे चालू राहील. त्याने डाव्या बुटाची नाडी सोडलीसुद्धा. करंगळीला बरे वाटले. गावची कमान दिसली तेव्हा तो काही वेळ तसाच बसला, मग खाली वाकून त्याने नाडी पुन्हा बांधली, थोडी सैल.

तो उतरला तेव्हा बाळासो हॉटेलापुढच्या बाकड्यावर होता. त्याची नजर आधी पायांवर गेली, जशी ती वर्षभर सगळ्यांची जात आली होती. तो उठून उभा राहिला आणि आत पाहून ओरडला, "चा टाक रं सगळ्यास्नी. मेजर जिंकलं."

चारसहा माणसे वळून पाहू लागली. कोणी तरी गुलाल बघा म्हणाले.

"जिंकलो न्हाई," नाथाजीने सांगितले. "हरलो. शेवटच्या म्याचला."

बाळासोने पुन्हा एकदा बुटांकडे पाहिले.

"मग पायात?"

"पाय दुखत हुतं."

हे उत्तर कट्ट्याला अपुरे होते, ते नाथाजीलाही दिसत होते. त्याने त्यात भर घातली नाही. तो पिशवी खांद्यावर घेऊन उभा राहिला आणि वाट पाहू लागला, काय बोलायचे ते एकदाचे बोलून होऊ दे म्हणून. बाळासो गोट्यांवरून काही तरी म्हणणार, असे सगळ्यांना वाटत होते. त्याने मान खाजवली.

"त्यो काळा गेला का?"

नाथाजीने त्याच्याकडे पाहिले. काळ्या बॉलबद्दल त्याने कट्ट्यावर एकदाच सांगितले होते, सुरुवातीला, समजावणे सोडून देण्याआधी.

"गेला," तो म्हणाला. "शेमीफायनलला गेला."

"मग चा राहू दे टाकलेला," बाळासो आत पाहून म्हणाला आणि बाकड्यावर सरकून त्याने जागा केली.

नाथाजी बसला. पाय लांब करून त्याने डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढून बाकड्याखाली ठेवला आणि करंगळी चोळत चहाची वाट पाहू लागला.